टेलरबाईंचं बाकडं

ज्या टेलरबाईंनी जन्मात कधी भिंतीत खिळा ठोकला नव्हता, त्या एका मंगळवारी भर दुपारी लाकडाच्या वखारीत जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मला बाकडं करायचंय. लाकूड दाखवा."

वखारवाल्याने आधी त्यांच्या मागे पाहिलं. सोबत एखादा सुतार असेल, निदान भाऊ, दीर, कोणीतरी पुरुष माणूस असेल, असं त्याला वाटलं असावं. मागे फक्त एक कुत्रं होतं, आणि तेही वखारीचंच.

"करणार कोण?" त्याने विचारलं.

"मी."

"तुम्ही त्या कोपऱ्यावरच्या टेलरबाई ना?"

"हो. का? टेलरला लाकूड विकायचं नाही असा नियम आहे का?"

बाईंच्या तोंडाला लागून आजवर कोणाचं भलं झालेलं नव्हतं, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. वखारवाल्याने मुकाट्याने फळ्या दाखवल्या. बाईंनी कापड बघावं तशी प्रत्येक फळी बोटांनी चाचपली, उलटी करून पाहिली, गाठी असलेल्या दोन बाजूला काढल्या, "ह्या तुमच्या घरी ठेवा," म्हणाल्या आणि बाकीच्या हातगाडीवर टाकायला लावल्या.

हे खूळ त्यांच्या डोक्यात कुठून शिरलं ते सांगायचं, तर मास्तरांपासून सुरुवात करावी लागेल.

मास्तर म्हणजे बाईंचे यजमान. शाळेतले मास्तर नव्हेत, टेलरमास्तर. पुढच्या खोलीत दुकान, मध्ये एक पडदा, पडद्यामागे दोन खोल्यांचं घर. दुकानात मास्तर कापायचे आणि बाई शिवायच्या. एकतीस वर्षं हेच. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत मास्तरांनी त्याच्या खांद्याचं माप डोळ्यांनी घेतलेलं असायचं. टेप लावायचा तो नुसता गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. माणूस मुलखाचा अबोल. बाई शंभर वाक्यं बोलल्या की मास्तर एकदा "हं" म्हणायचे, आणि त्या "हं"चे निदान सात अर्थ बाईंना पाठ होते.

सहा महिन्यांपूर्वी एका सकाळी दात घासताना मास्तरांच्या हातातला ब्रश पडला. तो उचलायला वाकले आणि तिथेच कोसळले. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला, जीभ जड झाली. दवाखान्यातून घरी आले ते चार पायांची काठी घेऊन. तरी सुरुवातीला उमेद होती. एक दिवस काठी टेकत टेकत दुकानात आले, गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसले, आणि खुर्चीचा पाय फाकून दोन गिऱ्हाइकांच्या देखत जमिनीवर आडवे झाले. त्यातली एक होती पलीकडच्या दवाखान्यातली नर्सबाई. तिने धावत येऊन उचललं. दुसरी जागची हलली नाही. नुसतं म्हणाली, "अरेरे! काय होते आणि काय झाले!"

जिभेला हाड नसतं म्हणतात ते काही खोटं नाही. त्या दिवसापासून मास्तरांनी पडदा ओलांडला नाही. पलंग ते न्हाणीघर, न्हाणीघर ते पलंग. बाकीचा वेळ भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. दुकानातलं कापणंही आता बाईंच्या गळ्यात आलं होतं, आणि कापण्यात बाईंचा हात तसा बेताचाच. बाही आखूड झाली, गळा मोठा झाला, की त्या गुपचूप उसवायच्या, निस्तरायच्या आणि मास्तरांच्या कानावर काही जाऊ द्यायच्या नाहीत.

रोज सकाळी मास्तरांचे हातपाय हलवून घ्यायला एक तरुण मुलगी यायची. बाई तिला व्यायामवाली म्हणायच्या. तिने एक दिवस बाईंना स्वयंपाकघरात गाठलं आणि दार लोटून घेतलं.

"काकू, एक सांगू? काका जितके पडून राहतील तितका तो पाय जाईल. त्यांना दिवसातून चार-पाच तास ताठ बसवा. पाय जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत आणि दोन्ही बाजूंना हाताला आधार पाहिजे. आणि हे बघा, माणसांत बसवा. भिंतीकडे बघून कोणी बरं होत नाही."

"आणि नाही बसले तर?"

ती मुलगी जरा घुटमळली. "तर अजून दोन महिन्यांनी मी येऊन काही उपयोग नाही."

बाईंनी चहाचं भांडं गॅसवरून उतरवलं, पुन्हा ठेवलं, पुन्हा उतरवलं. त्यांच्या हाताला काय करावं ते कळेना. मास्तर असे पलंगाला खिळून राहिले तर? हा विचार त्यांनी सहा महिने दारातच अडवून धरला होता. आज तो सरळ घरात येऊन बसला.

पण बाई रडत बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. कापायचं टेबल आणि भिंत यांच्यामध्ये तेहेतीस इंचांची जागा होती. तिथे बसलं की रस्ता दिसतो, गिऱ्हाईक दिसतं, मशीन दिसतं. तिथे मावेल असं भक्कम, दोन्ही बाजूंना हात असलेलं बाकडं हवं. दुकानांतून हिंडून आल्या. तिथे सगळे सोफे. बसलं की माणूस आत जातो आणि त्याला काढायला दोन माणसं लागतात. चौकातल्या सुताराकडे गेल्या. तो म्हणाला, "हॉटेलचं काम घेतलंय, दोन महिने डोकं वर काढायला फुरसत नाही."

दोन महिने! नेमके तेच दोन महिने! बाई घरी आल्या, चपला काढल्या आणि रिकाम्या दुकानाला ऐकवलं, "शेंडी तुटो की पारंबी तुटो, बाकडं मी करणार."

दोन घरं सोडून एक म्हातारे सुतार राहायचे. बाई त्यांना भाऊजी म्हणायच्या. हात थरथरायला लागल्यापासून त्यांनी काम सोडलं होतं, पण हत्यारं अजून तेलपाणी करून पेटीत जपली होती. बाई त्यांच्याकडे गेल्या, इकडचं बोलल्या, तिकडचं बोलल्या, त्यांच्या सांधेदुखीची चौकशी केली.

"वहिनी," भाऊजी म्हणाले, "ताकाला आलात, तर भांडं कशाला लपवता?"

"करवत हवीय. आणि रंधा. आणि तो काटकोन बघायचा असतो तो."

"गुण्या."

"तोच. आणि तुम्ही."

हत्यारं देताना म्हाताऱ्याचा चेहरा असा झाला, जसं कोणी त्याचे दातच मागून नेतंय. पण दिली. आणि स्वतःही आला, घरामागच्या नळाजवळच्या मोकळ्या जागेत एक पालथा खोका घेऊन बसला, आणि तिथून हुकूम सोडू लागला.

दुपारी दोन ते चार दुकान बंद असायचं. त्या दोन तासांत बाईंची शाळा भरायची. पहिल्या दिवशी त्यांनी करवत अशी काही दाबली, की ती फळीत अडकून बसली आणि मागे येईना की पुढे जाईना. काप निघाला तो तिरका.

"ही करवतच वाकडी आहे," बाई म्हणाल्या.

"हो हो. नाचता येईना, अंगण वाकडं."

"भाऊजी, उंटावरून शेळ्या हाकू नका. जमत असेल तर नीट सांगा."

म्हातारा हसला. "मशीनवर कापड घातलं की ते ओढता का तुम्ही?"

"ओढतात होय? सुई मोडेल. नुसता हात ठेवायचा, कापड आपलं आपण जातं."

"मग? करवतही आपली आपण जाते. तुम्ही फक्त वाट दाखवायची."

हे मात्र बाईंना लख्ख कळलं. दुसरा काप सरळ आला. तिसरा त्याहून सरळ. रंध्याखालून पहिलं लांब, पातळ छिलकं निघालं तेव्हा बाईंनी ते उचलून उजेडात धरलं आणि म्हणाल्या, "आई गं! हे तर अस्तराला लावावं असं आहे." तळहाताला फोड आले, एक फुटला, त्यावर चिंधी बांधून संध्याकाळी पुन्हा मशीनवर बसल्या. कोणी विचारलं तर सांगायच्या, इस्त्रीचा चटका बसलाय.

मापं घ्यायची वेळ आली तेव्हा भाऊजींनी कानाला हात लावले. "मापाच्या बाबतीत मी तुम्हाला काय शिकवणार? त्यात तुम्ही माझ्या आजी आहात. तुमची तुम्ही घ्या, तुमच्या तुम्ही खुणा करा." आणि नेमके आखायच्या दिवशी ते दाढदुखीने घरी झोपून राहिले.

बाईंनी मास्तरांना पलंगाच्या कडेला बसवलं आणि गुडघ्याच्या वाकापासून टाचेपर्यंत टेप लावला. सतरा इंच. टेप गुंडाळताना त्यांचा हात मास्तरांच्या पोटरीला लागला. केवढीशी राहिली होती ती!

"कशा… ला?" मास्तरांनी विचारलं. चार दिवसांत बोललेला हा पहिला शब्द.

"असंच."

मास्तर पुन्हा भिंतीकडे वळले. कशासाठी ते बाईंनी सांगितलं नाही, कारण सांगितलं आणि "नको" म्हणाले तर? मास्तरांच्या "नको"पुढे आजवर कोणाची डाळ शिजली नव्हती. बाकडं आधी उभं करायचं, मग बघायचं. त्यांनी फळ्या टाकल्या, कानामागचा खडू काढला आणि कापड आखतात तसं झपाझप आखून टाकलं. पाय, आडव्या पट्ट्या, बसायची फळी, हातांच्या दांड्या. इथे मात्र त्यांना कोणाला काही विचारावं लागलं नाही. एकतीस वर्षांची सवय. हात आपोआप चालत होता.

पुढचे आठ दिवस बाईंनी करवतीशी आणि स्क्रूंशी झुंज दिली. मध्ये एकदा व्यायामवाली म्हणाली, "काकू, काल काकांचं उजवं पाऊल उचललं गेलंच नाही. घासत होतं." त्या दुपारी बाई नळाजवळ बसून, भुशात पाय पसरून, ढसाढसा रडल्या. भाऊजी खोक्यावर बसून दुसरीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "वहिनी, गोंद वाळतोय." बाईंनी बाहीने डोळे पुसले आणि गोंद लावायला घेतला.

आणि गंमत बघा, बाकडं जुळलं. नुसतं जुळलं नाही, फर्मास जुळलं. प्रत्येक पट्टी जिथल्या तिथे बसली, चारही पाय जमिनीला टेकले. भाऊजींनी कोपरा धरून गदागदा हलवून पाहिलं आणि "शाब्बास!" म्हणाले. बाई त्यावर बसून पाहायला चढल्या. पाय लोंबकळले, पण बाई मुळात इतक्या ठेंगण्या, की त्यांचे पाय कुठल्याच बैठकीवरून जमिनीला टेकत नसत. त्यामुळे त्यात त्यांना वावगं काही दिसलं नाही.

शनिवारी चार वाजता दुकान उघडलं तेव्हा नर्सबाई युनिफॉर्मचं कापड घेऊन दारातच उभी होती. बरंच झालं. तिघांनी मिळून बाकडं मागून बोळातून फिरवून पुढे आणलं आणि टेबल आणि भिंतीच्या मधल्या जागेत सरकवायला गेले. जाईना.

"जरा तिरकं करा," नर्सबाई म्हणाली. तिरकं केलं. जाईना. उचलून पाहिलं. जाईना. भाऊजींनी गुडघा लावला, तेव्हा टेबल कुरकुरलं आणि म्हाताऱ्याचा गुडघाही.

"वहिनी, लांबी किती धरली होतीत?"

"बत्तीस. जागा तेहेतीस आहे. जायलाच पाहिजे!"

भाऊजींनी खिशातला पट्टीचा टेप काढला. "चौतीस."

"काहीतरीच काय!"

"बघा ना. आणि उंची?"

"सतरा."

"एकोणीस." ते मोजत सुटले. "हाताची दांडी नऊ सांगितली होतीत ना? अकरा. ही आडवी पट्टी चौदा? ही सोळा. अहो, एखादं माप चुकलं तर आपण म्हणतो, हात चुकला. इथे झाडून सगळं दोन-दोन इंचांनी वाढलंय! म्हणून तर इतकं बेमालूम जुळलं. हे केलंय कोणासाठी, हत्तीसाठी? वहिनी, तुमचा तो कापडी टेप ताणला गेला असेल."

"माझ्या टेपला नावं ठेवायची नाहीत!" बाई कडाडल्या. पण आवाज फुटला. एकोणीस इंच! सतरा इंचांच्या पायांचा माणूस एकोणीस इंचांवर बसवला की त्याचे पाय हवेत. टेकणार काय, कपाळ? टेकायला म्हणून तर हा सगळा खटाटोप केला होता. दहा-अकरा दिवस, दोन हातांचे फोड, आणि त्या पायाचे तेवढेच दिवस गेले ते गेलेच. बाई टेबलाला धरून उभ्या राहिल्या. त्यांना एकदम फार थकल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात पडद्यामागून आवाज आला.

"मा… या."

तिघांनी पडद्याकडे पाहिलं.

"मा…या!" आता जरा जोरात.

भाऊजींनी नर्सबाईकडे पाहिलं. नर्सबाईने बाईंकडे पाहिलं. "माया कोण?" तिने हळूच विचारलं.

बाईंचे कान लाल झाले. या घरात माया नावाचं कोणी नव्हतं. नणंद नाही, भाची नाही, शेजारीण नाही. एकतीस वर्षं ज्या माणसाच्या तोंडातून शब्द काढायला पक्कड लागायची, तो माणूस आज गिऱ्हाइकांच्या देखत कोणा मायाला हाका मारतोय? "अहो," त्या पडद्याकडे तोंड करून म्हणाल्या, "ही माया कोण, ते जरा मलाही कळू द्या!"

आत काठी आपटल्याचा आवाज झाला. मास्तर चिडले होते. एकेक शब्द ओढून काढत ते म्हणाले, "माया… ठेव…लीस. वर… एक. खाली… एक."

बाईंचा हात तोंडावर गेला. मग त्या मटकन बाकड्यावर बसल्या आणि हसायला लागल्या. इतक्या हसल्या, की डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि मग ते हसण्याचं आहे की रडण्याचं, हे त्यांचं त्यांनाही कळेना.

कापड कापताना कोणी बरोबर मापाला कापत नाही. दोन्ही कडांना इंचभर जास्त ठेवतात. शिवण त्यात जाते, आणि उद्या अंग भरलं तर उसवून कपडा मोठा करता येतो. त्या जास्तीच्या कापडाला शिवणकामात माया म्हणतात. बाईंनी जन्मभर प्रत्येक तुकड्याला माया सोडली होती. खडू हातात आला की बोटं आपोआप इंचभर पुढे जायची. आणि त्यांनी लाकडालाही माया सोडली. प्रत्येक फळीला. दोन्ही टोकांना.

"लाकडात शिवण कुठून आणणार होतात वहिनी?" भाऊजी पोट धरून हसत म्हणाले. "बरं, रडू नका. लांबीचं नंतर बघू. उंचीचं काय, खालून दोन-दोन इंच उडवले की झालं. पाच मिनिटांचं काम." आणि त्यांनी पायावर खूण करायला पेन्सिल काढली.

बाईंनी त्यांचं मनगट धरलं.

नुसतं धरलं नाही, डोळ्यांनी दटावलंही. मग पडद्याला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "नाही भाऊजी. आता मी कोणाच्या खुणेवर कापणार नाही. एकदा तोंड पोळलंय. मास्तर खूण करतील तिथेच करवत लागेल."

त्यांनी पडद्याजवळ जाऊन आवाज आणखी चढवला.

"ऐकलंत का हो? आत बसून चुका काढायला काय जातंय? चूक दिसली ना, मग बाहेर या आणि दाखवा. मी काही पडद्याला विचारून लाकूड कापणार नाही."

बोलून गेल्या, आणि मग घाबरल्या. फार बोललो का आपण? माणूस दुखावला तर? आता कायमचा भिंतीकडे वळला तर? पण उचललेली जीभ टाळ्याला लागून गेली होती. भाऊजी आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होते. नर्सबाईने कापडाची पिशवी छातीशी धरली होती.

पलंग करकरला. काठी जमिनीवर टेकली. मग पाऊल. मग फर्र असा घसटण्याचा आवाज. पुन्हा काठी. नर्सबाई सवयीने पुढे झाली, तर बाईंनी तिला हाताने थांबवलं. किती वेळ लागला कोण जाणे. मग पडदा हलला आणि मास्तर बाहेर आले. दाढी वाढलेली, अंगावरचा शर्ट एका खांद्यावरून घसरलेला. त्यांनी कोणाकडेच पाहिलं नाही. त्यांची नजर होती बाकड्यावर.

ते जवळ आले. डावा हात बाकड्याच्या दांडीवर ठेवून त्यांनी ती जोराने ढकलून पाहिली. बाकडं हललं नाही.

"हं," मास्तर म्हणाले.

हा आठवा अर्थ होता. बाईंनी तो याआधी ऐकला नव्हता.

बाईंनी पुढे केलेला खडू त्यांनी डाव्या हातात घेतला. बाईंनी आणि भाऊजींनी मिळून बाकडं टेबलावर आडवं टाकलं. मास्तर वाकले, पायावर खडू टेकवला आणि रेघ ओढली. ती रेघ वळत वळत भलतीकडेच गेली. त्यांनी अंगठ्याने ती पुसली आणि पुन्हा ओढली. पुन्हा वाकडी. ज्या माणसाने आयुष्यभर पट्टीशिवाय सरळ रेघा ओढल्या, त्याची ती रेघ सगळ्यांनी पाहिली. मास्तरांनी खडू टेबलावर ठेवला. काठी चाचपली. त्यांचं तोंड पडद्याकडे वळायला लागलेलं बाईंना दिसलं.

"सांगा नुसतं," बाई घाईघाईने म्हणाल्या. "रेघ मी मारते. कुठे? इथे?"

मास्तर थांबले. खडूचं टोक कुठे टेकलंय ते त्यांनी पाहिलं.

"वर."

"इथे?"

"अजून… एक सूत."

एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. बाईंनी मनात म्हटलं, सुताने काय होतंय. तरी खूण केली. भाऊजींनी टेप लावला, चष्मा वर केला, पुन्हा खाली केला, पुन्हा मोजलं. "बरोबर दोन इंच," ते म्हणाले. "वहिनींची आधीची खूण सूतभर कमी होती. मास्तर, नुसत्या डोळ्याने?"

"अहो, डोळा तसाच आहे की तुमचा!" बाई ओरडल्याच.

मास्तरांनी सहा महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्याकडे सरळ पाहिलं.

"डोळ्याला… काय झालंय?" ते म्हणाले. मग बराच वेळ ओठ नुसतेच हलत राहिले. "तू… विचारलं… नाहीस. एकदाही. मला वाटलं… मी आता… लागत नाही."

बाईंनी हातातला खडू खाली ठेवला. त्रास होऊ नये म्हणून विचारलं नव्हतं. वाईट वाटू नये म्हणून चुका लपवल्या होत्या. बाह्या उसवताना कात्रीचा आवाज होऊ नये म्हणून स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घ्यायच्या. इतकं जपलं, इतकं जपलं, आणि इकडे हा माणूस भिंतीकडे तोंड करून रोज स्वतःला टाकून दिल्याचा हिशेब करत पडला होता.

"चुकलं माझं," त्या शेवटी म्हणाल्या. "साफ चुकलं."

मास्तर त्यावर "हं" सुद्धा म्हणाले नाहीत. त्यांनी दुसऱ्या पायाकडे बोट दाखवलं.

चारही पायांवर खुणा झाल्या. भाऊजींनी आणि नर्सबाईने बाकडं दाबून धरलं आणि बाईंनी करवत चालवली. दोन-दोन इंचांचे चार ठोकळे एकेक करून जमिनीवर पडले. बाकडं पुन्हा उभं केलं. उंची सतरा. लांबीचं काय करायचं म्हणून भाऊजी डोकं खाजवत होते, तर मास्तर म्हणाले, "टेबल… सरकवा." जे टेबल तसूभर हलवलं तरी मास्तर दिवसभर धुसफुसायचे, ते टेबल तिघांनी मिळून हातभर सरकवलं. खाली एकतीस वर्षांच्या टाचण्या आणि गुंड्या निघाल्या. बाकडं आत गेलं.

नर्सबाईने एका बाजूने धरलं, बाईंनी दुसऱ्या बाजूने, आणि मास्तर बसले. बाईंनी खाली वाकून बघितलं. डावं पाऊल पूर्ण टेकलं होतं. उजवं जरा वळलेलं होतं, ते त्यांनी हातांनी सरळ केलं. तेही टेकलं, टाचेसकट. रस्त्यावरून जाणाऱ्या दोघांनी आत पाहिलं आणि एकाने हात केला. मास्तरांनी डावा हात उचलला.

"चला, आता पेढीवरून हुकूम सुटणार," भाऊजी म्हणाले आणि आपली करवत पुसायला बसले.

बाईंनी नर्सबाईच्या हातातली पिशवी घेतली, कापड टेबलावर पसरलं, चुण्या काढल्या. नर्सबाईला समोर उभं केलं. खडूने आखलं. कात्री उचलली आणि कापडाच्या कडेला लावली.

"थांब," मास्तर म्हणाले.

आयुष्यात कोणाच्या सांगण्याने न थांबलेल्या बाई थांबल्या.

"कुठे चुकतंय?" त्यांनी विचारलं.